डांबर संपल्यानंतरचे हेल्मेट

गुरांच्या डॉक्टरला रस्ता निवडण्याची मुभा नसते. म्हैस अडते ती डांबरी सडकेच्या कडेला कधीच नाही. ती नेमकी त्या वाडीत अडते, जिथे पोचायला शेवटचे चार किलोमीटर मुरूम, दोन ओढे आणि एक अंगावर येणारा चढ असतो. भोर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, नीरा-देवघरच्या जलाशयाभोवतीच्या वाड्यांतून, गेली पंधरा वर्षे माझी मोटारसायकल अशी फिरते आहे. दिवसाकाठी साठ-सत्तर किलोमीटर होतात. त्यांतले चाळीस-पंचेचाळीस बऱ्या सडकेचे, बाकीचे नशिबाचे. अशा फिरण्याला हल्ली ‘ॲडव्हेंचर रायडिंग’ म्हणतात आणि त्यासाठी दुकानातून निराळी हेल्मेटे मिळतात, ही माहिती मला माझ्या भाचीने दिली. ऐकून मौज वाटली. आमच्याकडचा दूधवाला, महावितरणचा वायरमन, पोस्टमन आणि आरोग्यसेविका ही सारी मंडळी हे धाडस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात, प्रवासभत्त्यावर, वर्षानुवर्षे करीत आली आहेत.

या मंडळींच्या बाबतीत एक गोष्ट मी रोज पाहतो. सडक सोडून गाडी कच्च्या रस्त्याला लागली, की दहा-वीस पावलांवर ती थांबते आणि हेल्मेट डोक्यावरून उतरते. कोणी ते आरशाला अडकवतो, कोणी पेट्रोलच्या टाकीवर ठेवतो, कोणी बांगडी चढवावी तसे कोपरात सरकवतो. विचारले तर कारणे ठरलेली: आता पोलीस नाही, आता वेग नाही, आणि आत जीव घुसमटतो. पहिल्या कारणावर बोलण्यासारखे काही नाही. दुसरे साफ चुकीचे आहे. तिसरे मात्र खरे आहे, आणि मिश्र रस्त्यासाठी हेल्मेट निवडायचे म्हणजे या तिसऱ्या कारणाचा बंदोबस्त करायचा, असे माझे मत आहे. डांबर संपल्यावरही जे डोक्यावर राहील ते खरे हेल्मेट. रंग आणि चित्रे मग ज्याच्या त्याच्या हौसेप्रमाणे.

आधी वेगाचे पाहू. आमच्या दवाखान्यातले एक सहकारी चढावर, सुट्या खडीवर, गाडीसकट आडवे झाले. वेग फार तर वीस. हेल्मेट कोपरात. खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, पुढचे चार दात गेले, आणि हेल्मेटावर ओरखडासुद्धा नाही. सहा आठवडे गृहस्थ नळीने पेज पीत होते. आता बरे आहेत, पण भाकरी अजून दुधात कुस्करूनच खातात. “वेग नव्हता हो,” असे ते आजही सांगतात, आणि ते खरेच सांगतात.

हिशेब असा आहे. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेथून ते नुसते खाली पडले, गाडी जागेवर उभी असताना पडले, तरी जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर भरतो. खराब रस्त्यावर आपण पायटांवर उभे राहून गाडी चालवतो. तेव्हा डोके दोन मीटरच्या आसपास जाते आणि पडण्याचा वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे. आता युरोपातली हेल्मेटाची कसोटी बघा. तिच्यातला मुख्य आघात सेकंदाला साडेसात मीटर, म्हणजे ताशी २७ किलोमीटर वेगाचा असतो. प्रयोगशाळेत कोणी हेल्मेट ताशी शंभरने आपटून पाहात नाही, कारण हेल्मेट मुळात सांभाळते ते डोक्याचे पडणे. सपाट डांबरावर गाडीचा पुढचा वेग पुष्कळसा घसरण्यात खर्च होतो. कच्च्या रस्त्यावर मात्र वर आलेला धोंडा, बांध किंवा झाडाचे खोड त्या वेगाला तेवढीही सवड देत नाही. तेव्हा हळू जायच्या रस्त्यावर हेल्मेट काढणे म्हणजे पोहता न येणाऱ्याने उथळ डोहात भोपळा सोडून देण्यासारखे आहे.

हे शहाणपण जगाला उशिरा आले. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जो इंग्रज गाजला, तो १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यात आपल्या घराजवळच्या साध्या गावरस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवसांनी तो गेला. (हा गृहस्थ काही काळ हवाई दलातला साधा शिपाई म्हणून कराचीतही राहून गेला होता.) त्याच्या उपचाराला आलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यवैद्य होते. त्यांच्या मनातून ती केस गेली नाही. पुढे महायुद्धात मोटारसायकलवरून निरोप पोचवणारे लष्करी शिपाई डोके फुटून पटापट मरू लागले, तेव्हा केर्न्स यांनी त्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि १९४१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हेल्मेटाचा उपयोग आकड्यांनिशी मांडला. आजच्या हेल्मेटाची बरीचशी वंशावळ त्या लेखापर्यंत जाते.

हेल्मेटाच्या आत नेमके काय घडते हे ठाऊक असले की दुकानात फसगत होत नाही. बाहेरचे कवच टणक असते. ते मार पसरून घेते आणि टोकदार दगड आत घुसू देत नाही. खरे काम करतो तो आतला थर्माकोल. तो चेपतो, आणि चेपण्यात जो क्षणाचा काही अंश जातो, तेवढ्याने कवटीतला मेंदू वाचतो. सर्वांत आतली मऊ गादी केवळ नीट बसण्यापुरती. म्हणजे हाताला मऊ लागणारे हेल्मेट चांगले, ही समजूत चुकीची. एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुलत नाही हेही ओघाने आले.

आता प्रकार. नुसती टाळू झाकणारे अर्धे हेल्मेट मी विचारातच घेत नाही; आमच्या सहकाऱ्यांचा जबडा ते वाचवू शकले नसते. जर्मनीतल्या डिटमार ओटे यांनी अपघातांतल्या हेल्मेटांची पाहणी केली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागावर आढळले होते. म्हणून हनुवटीपुढे कमान हवी हे पक्के. तशी कमान असलेली हेल्मेटे ढोबळ मानाने तीन तऱ्हेची. सडकेचे बंद हेल्मेट गोल गुळगुळीत असते, वारा कापते, आवाज कमी करते. पण कच्च्यावर वीसच्या वेगाने आत वारा शिरत नाही, उच्छ्वास काचेवर जमतो, आणि खालची कमान तोंडाला लागून असल्यामुळे पुढच्या चाकाखालचा दगड पाहायला मान वाकवावी लागते. दुसरे मातीतल्या शर्यतीचे. त्याची हनुवटी घोड्याच्या तोंडासारखी पुढे आलेली, काच नाही, डोळ्यांना वेगळा गॉगल. त्यात श्वास मोकळा चालतो. पण ते घालून पुणे-सातारा महामार्गावर पावसात जाऊन पाहा: थेंब सुईसारखे टोचतात आणि घोंगावणाऱ्या वाऱ्याने कान बधिर होतात. तिसरे या दोघांचे अपत्य. हनुवटी थोडी पुढे, तोंडापुढे मोकळी जागा, रुंद खिडकी, वर-खाली होणारी काच, आणि काच वर केली तर आत गॉगल मावतो. कपाळावर एक चोच असते. दुकानदार तिला ‘पीक’ म्हणतात. आमच्या भागात पीक म्हणजे भात, त्यामुळे मी चोचच म्हणतो. अपत्यात आईबापांचे गुण येतात तसे दोषही येतात. हे हेल्मेट सडकेच्या हेल्मेटाहून थोडे जड आणि बरेच बोलके असते.

चौथा एक प्रकार हनुवटीची कमान वर उचलता येणारा. वाटेत थांबून चहा प्यायला सोयीचा खरा. पण कच्च्यावर लोक तो उघडा ठेवूनच चालवतात आणि मग कमान असून नसल्यासारखी. शिवाय बिजागरीत धूळ बसते. मी तो सुचवत नाही.

माझ्या भाचीला गेल्या मार्चमध्ये दूध संकलन केंद्रांच्या तपासणीचे काम मिळाले. दिवसाला पंधरा-वीस केंद्रे, निम्मी कच्च्या रस्त्यावर. गाडी तिने स्वतः निवडली, हेल्मेटासाठी मात्र मामाला बरोबर घेतले, आणि आम्ही पुण्याला नाना पेठेत गेलो. पुण्यात हेल्मेट या विषयावर जपून बोलावे लागते. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्तीची अंमलबजावणी कडक केली, तेव्हा त्याविरुद्ध मोर्चे निघाले होते. आम्ही निमूटपणे दुकानात शिरलो.

“मामा, हे लाल बघा ना!” भाची म्हणाली. विक्रेत्याने लगेच ते खाली काढले आणि तिच्या डोक्यावर चढवलेसुद्धा.

“ताई, एकदम फिट! आरशात बघा.”

मी म्हटले, “आधी टेप आणा.”

बैलाच्या जोखडाचे मी आयुष्यभर पाहात आलो आहे. जू कितीही चांगल्या लाकडाचे असो, त्या बैलाच्या मानेला ते बसत नसेल तर खांदेसूज ठरलेली. आणि दुखऱ्या खांद्याचा बैल जू दिसले की मान फिरवतो. माणूस तेच करतो, फक्त सबब पोलिसाची सांगतो. टेप भुवयांच्या वर एक बोटभर अंतरावरून, मागचा सर्वांत फुगीर भाग घेऊन फिरवायचा. भाचीचे माप ५६ सेंटिमीटर भरले. पण कंपन्यांची मापे सारखी नसतात, आणि घेर एक असून आकार निराळा असतो. वरून पाहिले तर कोणाचे डोके नारळासारखे गोल, कोणाचे कवठी आंब्यासारखे लांबट. भाचीचे लांबट निघाले. लाल हेल्मेटात गाल छान बसले, पण दहा मिनिटांत कपाळाच्या मधोमध ठणका सुरू झाला. काढले तर तिथे लाल वळ. विक्रेता म्हणाला, “वापरून सैल होईल, ताई.” गालाची गादी वापराने सैल होते, कपाळामागचा थर्माकोल होत नाही. लाल परत फळीवर गेले.

तिसरे हेल्मेट पटले. करड्या रंगाचे, अगदीच साधे. ते तिला वीस मिनिटे घालून बसायला लावले. तेवढ्यात आमचा चहा झाला आणि विक्रेत्याच्या चेहऱ्यावर आम्ही रिकामटेकडी माणसे असल्याचा भाव आला. ठणका नाही. गाल इतके दाबलेले की बोलताना आतून दाताखाली येत होते. नव्या हेल्मेटाला तसेच हवे. हनुवटीची कमान धरून डावी-उजवीकडे फिरवली तर हेल्मेटाबरोबर गालाची कातडीही फिरली पाहिजे; हेल्मेट नुसते आतल्या आत फिरले तर ते मोठे. मग पट्टा लावून, मागची कड धरून ते पुढे उलटवायचा प्रयत्न केला. निघाले नाही. पट्टा लावलेले हेल्मेट हाताने निघत असेल तर पडताना ते आधी निघेल आणि डोके नंतर टेकेल. ही परीक्षा दुकानात कोणी करीत नाही आणि हीच सर्वांत मोलाची आहे. चष्म्याच्या दांड्या सरळ आत जातात का तेही पाहिले. वेणी मानेवर खाली सोडावी लागते. अंबाडा घालून कोणतेही हेल्मेट नीट बसत नाही, हे आरोग्यसेविकांना मी नेहमी सांगतो.

पट्ट्याच्या बकलावरून आमचा थोडा वाद झाला. दोन कड्यांतून पट्टा ओवायची पद्धत शर्यतवाल्यांची. दर वेळी ताण अचूक बसतो. दुसरी दातेरी पट्टी, एका बोटाने टक्कन लागते आणि सुटते. भाचीला कड्यांची ऐट हवी होती. मी म्हटले, “बाई, तू दिवसातून वीस वेळा उतरणार. दहाव्या केंद्रानंतर कड्या ओवायचा कंटाळा येईल आणि पट्टा लोंबत राहील.” आम्ही दातेरी घेतली.

शिक्क्यांविषयी थोडक्यात. १ जून २०२१ पासून आपल्या देशात भारतीय मानक आय. एस. ४१५१ प्रमाणे प्रमाणित नसलेले हेल्मेट दुचाकीसाठी बनवता वा विकता येत नाही. आयएसआयच्या खुणेबरोबर परवाना क्रमांक छापलेला असतो. तो मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून पाहावा, कारण खूण छापायला कोणालाही शाई पुरते. त्याच्या जोडीला युरोपची ई. सी. ई. २२.०६ असेल तर अधिक चांगले. या नव्या नियमात तिरप्या आघाताने डोके गरकन फिरण्याचीही परीक्षा आहे. अमेरिकेच्या ‘डॉट’ खुणेत उत्पादक स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देतो, हे लक्षात ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसल्यास १००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना बंद अशी तरतूद आहे. पण आमच्या ओढ्याकाठी दंड करायला कोण येणार?

चोचीविषयी मात्र सविस्तर बोलले पाहिजे, कारण बहुतेकांचा जीव तिच्यावरच जडतो. संध्याकाळी पश्चिमेला जाताना उतरते ऊन डोळ्यांत येते, तेव्हा मान किंचित झुकवली की ती कामाला येते. पुढच्या गाडीच्या चाकाने उडवलेली खडी आणि वाटेवर वाकलेल्या करवंदीच्या जाळ्या तीच अडवते. मात्र ताशी ऐंशीच्या पुढे ती शिडासारखी वारा पकडते. मागे वळून पाहताना मान पिळवटते, आणि शेजारून मालट्रक गेला की डोके कोणीतरी चेंडूसारखे टोलवल्याचा भास होतो. म्हणून तिच्यात वारा जायला झरोके हवेत आणि ती काढता आली पाहिजे. तिचे स्क्रू प्लॅस्टिकचेच असावेत; पडल्यावर चोच तुटून वेगळी झालेली बरी, अडकून मान मुरगळण्यापेक्षा. लोखंडी स्क्रू बसवून ‘मजबूत’ केलेली चोच मी पाहिली आहे. ज्यांना महामार्गच जास्त, त्यांनी ती काढून घरी ठेवावी. भाचीला उलट आहे, म्हणून तिची राहिली.

वजनासाठी मी दुकानातला काटा मागितला, तेव्हा विक्रेत्याने हात टेकले. १५५० ग्रॅम भरले. या जातीच्या हेल्मेटाला ते बरे म्हणायचे. शंभर ग्रॅमचा फरक दुकानात कळत नाही, चौदाव्या केंद्रावर कळतो.

“हेल्मेट घातले की हॉर्न ऐकू येत नाही” ही तक्रार गावोगाव ऐकू येते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस भागातले ९०० मोटारसायकल-अपघात जागेवर जाऊन तपासले. त्यांच्या १९८१ च्या अहवालात हेल्मेटामुळे ऐकण्या-पाहण्यात अडथळा आल्याचे आढळले नाही. वाऱ्याचा गोंगाट मात्र खरा आहे, आणि लांबच्या महामार्गी प्रवासात कानात मऊ बोळे घालणे चांगले. वाडीच्या रस्त्यावर त्यांची गरज नाही. तिथे म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू यायला हवी.

घुसमटीचे काय झाले? हेल्मेटावरची भोके मोजून उपयोग नसतो. ती सारी गाडी पळत असताना चालतात. वीसच्या वेगाला उपयोगी पडते ती तोंडापुढची मोकळी जागा, आणि एका खाचेवर थबकणारी काच. भाची चढ लागला की काच बोटभर उघडते आणि फुफाटा आला की मिटते. चष्म्यावर गॉगल तिला मानवला नाही. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिने फोनवर सांगितले, “मामा, घाम येतो, पण काढावेसे वाटत नाही.” आतली गादी निघते, ती दर रविवारी साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवते. दुकानात हे तपासायला विसरू नये; न निघणाऱ्या गादीचा वास मे महिन्यापर्यंत हेल्मेट उतरवायला पुरेसा होतो.

पावसाळ्यात वरंधा घाटाच्या तोंडाशी प्रश्न उलटा होतो. बाहेर धुके, आत वाफ. यावर ‘पिनलॉक’ नावाची एक पातळ दुसरी काच मूळ काचेच्या आतून बसते. मधल्या हवेमुळे वाफ धरत नाही. मूळ काचेला तिच्यासाठी दोन खुंट्या असाव्या लागतात, तेव्हा घेतानाच पाहून घ्यावे. काळी काच दिवसा दिमाखदार दिसते. पण अडलेली म्हैस बहुधा रात्री दोनला बोलावते, म्हणून काच स्वच्छ पांढरीच घ्यावी.

हेल्मेट आरशाला अडकवू नये, याचे आणखी एक कारण आहे. आरशाच्या टोकाने आतला थर्माकोल खड्डा पडून चेपतो, आणि नेमका तोच भाग टाळूवर येतो. पेट्रोल, रंगाचा थिनर, उन्हात तापणारी टाकी यांपासूनही ते दूर ठेवावे. जोराचा मार बसला तर बाहेरून धड दिसले तरी बदलावे. एरवी बहुतेक उत्पादक पाचेक वर्षांनी बदला असे सांगतात. रोज उन्हातान्हात वापरणाऱ्याने ते ऐकावे.

काचेची तक्रार तेवढी उरली आहे. धूळ कोरड्या फडक्याने पुसली की मुरमाचे कण काचेवर रेघा ओढतात, आणि रात्री समोरच्या दिव्यात त्या रेघांचे जाळे होते. ओले फडके दोन मिनिटे काचेवर पसरून ठेवावे, धूळ भिजली की हळूच ओढून घ्यावी. भाची हे पाळते. तरीही एका उन्हाळ्यात पहिली काच गेली. नवी मागवताना मी तिला एकदम दोन मागवायला सांगितले, कारण कंपन्या नमुने बदलतात आणि मग जुन्या हेल्मेटाची काच मिळता मिळत नाही. दुसरी तिने कपाटात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली आहे.